बाळंतपणानंतर सांधे पुन्हा का धरले?

प्रश्न : डॉक्टरताई, मी ऐरोलीला राहते, वय 30. तीन वर्षांपूर्वी मला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे संधिवाताचा एक प्रकार, असल्याचं कळलं. मूल हवं म्हणून डॉक्टरांनी त्यावरची मेथोट्रेक्सेट बंद करून हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन चालू ठेवली. चौथ्या महिन्यापासून सांधे इतके मोकळे झाले की पाचव्यात मी तीही गोळी आपणहून सोडली. मुलगी झाली. सातव्या आठवड्यात एका सकाळी मूठच मिटेना. आता बोटं आणि मनगटं सुजली आहेत, झबल्याची नाडी बांधता येत नाही. सासूबाई म्हणतात, बारशानंतर लगेच गार पाण्यात हात घातलेस, वात भरला. आई म्हणते, कानाला बांधलं नाहीस. या आजारात अँटिबॉडीवरची साखर बिघडते असं मोबाइलवर वाचलं, म्हणून मी अळिवाचे लाडू बंद केले. अंगावरचं दूध तोडावं लागेल का? कपाटात मेथोट्रेक्सेटची जुनी स्ट्रिप आहे, ती घेऊ का? माझ्या रक्तातलं हे मुलीत गेलं असेल का? आणि आत्येसासूबाई म्हणतात, दिवस गेल्यावर बरं वाटतं ना, मग लवकर दुसरा चान्स घ्या. काय करू?
– एक आई, ऐरोली

उत्तर : अगं, आधी ती स्ट्रिप कपाटातून काढ आणि तुझ्या हाती लागणार नाही अशी दूर ठेव. बाकीचं दोन दिवस थांबेल, हे नाही. मूल अंगावर पीत असताना मेथोट्रेक्सेट घेत नाहीत. दुसरं असं, की बाळंतपणानंतर पाळी यायच्या आधीही दिवस राहू शकतात आणि पोटातल्या गर्भाला हे औषध घातक असतं. म्हणून ते परत सुरू करायचं तर दूध आणि संततिनियमन दोन्हींचा विचार करून डॉक्टरच ठरवतील. आजच फोन करून तुझ्या संधिवाततज्ज्ञांची याच आठवड्यातली वेळ घे. ‘तीन महिने होऊ देत, अंग भरून आलं की आपोआप जाईल’ असं घरात कुणी कितीही मायेनं म्हटलं तरी थांबू नकोस.

आता गार पाण्याचं. तुझ्या हातून काहीही चुकलेलं नाही. बोटं गार पाण्यात गेली, कान उघडे राहिले, पंख्याखाली झोपलीस, यातल्या कशानंही ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस उसळत नाही. गारठ्यात दुखरे सांधे जास्त दुखतात हे खरं, म्हणून ऊब बरी वाटत असेल तर जरूर घे. पण सूज येते ती आतून, प्रतिकारशक्तीच्या बिघाडातून.

हे मी इतकं ठासून लिहिते त्याला कारण आहे. माझा धाकटा भाऊ झाला तेव्हा आम्ही ठाण्यात नौपाड्याला राहत होतो. दोन महिन्यांत आईची बोटं सुजली. घरात आणि शेजारी सगळ्यांनी एकच नाव ठेवलं, बाळंतवात. शेक झाला, लेप झाले, गरम मसाल्याचे काढे झाले. योग्य डॉक्टरांपर्यंत ती पोचली तेव्हा भाऊ शाळेत जायला लागला होता आणि तिची बोटं करंगळीच्या बाजूला वळली होती. पुढं आयुष्यभर तिनं लाटणं तळहाताच्या टाचेनं फिरवलं. घरातल्यांची माया कमी नव्हती, माहिती कमी होती. तुझ्या सासूबाई आणि आई ज्या काळजीनं बोलतात तीच काळजी आपल्याला डॉक्टरांकडे वळवायची आहे.

तू गरोदरपणात बरी झालीस आणि नंतर आजार परतला, हे तुझ्या एकटीचं नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधले फिलिप हेंच यांनी 1938 मध्ये हेच निरीक्षण छापलं होतं : गरोदर राहिलेल्या रुग्ण स्त्रियांचा आजार ओसरतो आणि बाळंतपणानंतर परततो. कावीळ झालेल्या रुग्णांतही असा उतार पडताना त्यांनी पाहिला होता. त्यावरून शरीरच काहीतरी तयार करत असावं, असा माग ते काढत राहिले. 1948 मध्ये त्यांच्या गटानं पहिल्यांदा एका रुग्ण स्त्रीला कॉर्टिसोन दिलं. 1950 चं नोबेल पारितोषिक त्यांना केंडल आणि राइखश्टाइन यांच्याबरोबर मिळालं. आज आपण ज्यांना स्टेरॉइड म्हणतो त्या औषधांच्या शोधामागे तुझ्यासारख्या बायकांनी डॉक्टरांना सांगितलेली ‘दिवस गेले आणि दुखणं थांबलं’ ही साधी हकीकत आहे.

पूर्वी पुस्तकांत असायचं की चारांपैकी तिघींना गरोदरपणात आराम पडतो. नीट मोजमाप होऊ लागल्यावर आकडा खाली आला. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या गटानं गरोदर रुग्णांना प्रत्येक तिमाहीत आणि बाळंतपणानंतरही तपासलं. 2008 साली त्यांनी मांडलं, की पहिल्या तिमाहीत आजार बऱ्यापैकी जागा असलेल्या स्त्रियांपैकी 48 टक्के जणींना किमान मध्यम प्रमाणात उतार पडला, आणि बाळंतपणानंतर 39 टक्के जणींचा आजार उसळला. म्हणजे तुझ्यासारखा अनुभव खूप जणींना येतो, सगळ्यांना नाही. रक्तात आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या आजाराच्या दोन्ही अँटिबॉडी नसलेल्या स्त्रियांना गरोदरपणात जास्त उतार पडतो, असंही त्याच गटाला दिसलं. तुझे जुने रिपोर्ट काढून हे दोन आकडे बघून ठेव.

तू मोबाइलवर वाचलेली साखर खरी आहे, पण ती लाडवातली नव्हे.

अँटिबॉडी, म्हणजे प्रतिपिंड, इंग्रजी वाय अक्षरासारखा असतो. वरच्या दोन हातांनी तो शत्रूला धरतो. खालचा दांडा प्रतिकारशक्तीच्या बाकीच्या पेशींसाठी असतो. त्या दांड्याला धरून पेशी ठरवतात, की आता जाळपोळ करायची की शांत राहायचं. आपल्या रक्तात सर्वांत जास्त असणाऱ्या आयजीजी जातीच्या प्रतिपिंडात हा दांडा दोन प्रथिन-साखळ्यांचा असतो आणि प्रत्येक साखळीवर 297 व्या जागी साखरेच्या रेणूंचा एक छोटा झुबका टाचलेला असतो. लग्नातल्या मुंडावळ्या आठव. कपाळाच्या दोन बाजूंना मोत्यांच्या दोन सरी लोंबतात. या झुबक्यालाही तशाच दोन सरी असतात. सरीच्या टोकाकडचा मणी गॅलॅक्टोज नावाच्या साखरेचा. काही सरींत त्याच्याही पुढं सियालिक आम्लाचा आणखी एक मणी असतो.

1985 मध्ये ऑक्सफर्डचे राज पारेख, रेमंड ड्वेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवलं, की ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या रुग्णांमध्ये टोकाचा गॅलॅक्टोज मणी नसलेले आयजीजी निरोगी माणसांपेक्षा जास्त असतात. दोन्ही सरी भुंड्या. असे भुंडे प्रतिपिंड दाहाच्या बाजूला झुकतात, मणी असलेले त्या मानानं शांत असतात. सरी भुंड्या होण्याची ही सुरुवात काही रुग्णांत सांधे दुखायला लागण्याच्या आधीच झालेली असते.

गरोदरपणात काय होतं? निरोगी असो वा रुग्ण, बाईच्या आयजीजीवर गॅलॅक्टोजचे मणी वाढत जातात, शेवटच्या तिमाहीपर्यंत वाढतात आणि बाळंतपणानंतर पुन्हा कमी होतात. रॉटरडॅमच्याच रुग्णांचं रक्त तपासून 2009 मध्ये हे मांडलं गेलं, की मण्यांच्या या चढ-उताराचा आजाराच्या चढ-उताराशी संबंध आहे. पुढच्या कामात सियालिक आम्लाचा प्रभाव वेगळा काढून पाहिला, तरी गॅलॅक्टोजचा आजाराशी असलेला संबंध टिकून राहिला.

एक गोष्ट इथे प्रामाणिकपणे सांगायला हवी. संबंध आहे म्हणजे तेच एकमेव कारण आहे असं नव्हे. गरोदरपणात इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक प्रचंड वाढतं, आणि इस्ट्रोजेनमुळे आयजीजीवरचं गॅलॅक्टोज वाढतं हे दिसलेलं आहे. पण त्याच काळात बाळाला परकं समजू नये म्हणून आईच्या पांढऱ्या पेशींची सगळी वागणूकच बदलते. कॉर्टिसॉल हे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइडही वाढतं. साखरेचा मणी हा त्या मोठ्या बदलातला एक धागा आहे. मला तो फार मोलाचा वाटतो, कारण ‘मनाचे खेळ आहेत’ किंवा ‘बाळंतिणीचा वात आहे’ असं ऐकून गप्प बसलेल्या बाईच्या रक्तात तो मोजून दाखवता येतो.

आणि सातवाच आठवडा का? वार पडली की इस्ट्रोजेन काही दिवसांतच खाली येतं. पण रक्तातल्या आयजीजीचं अर्धायुष्य साधारण तीन आठवडे असतं. गरोदरपणात घडलेले, मण्यांनी मढलेले प्रतिपिंड हळूहळू संपत जातात आणि त्यांच्या जागी नवे, भुंडे येतात. त्यामुळे पहिला महिना बरा जावा आणि मग सकाळी मूठ मिटू नये, याचं मला नवल वाटत नाही. आजार उसळतो तो बहुतेक जणींत पहिल्या तीन महिन्यांत. नेमकं याच सुमारास आपल्याकडे सव्वा महिना संपतो, बाई न्हाऊन-माखून कामाला लागते, पाण्यात हात घालते. दोन गोष्टी एकाच वेळी आल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या दोष पाण्याला लागला.

आता लाडू. मधुमेहाच्या तपासणीत एचबीएवनसी बघतात. तिथे रक्तातली जास्तीची साखर हिमोग्लोबिनला आपसूक चिकटते, जितकी साखर जास्त तितकी ती जास्त चिकटते. प्रतिपिंडावरच्या साखरेची गोष्ट पूर्ण वेगळी. प्रतिपिंड बनवणारी पेशी आतल्या आत, विकरांच्या (एन्झाइमच्या) हातांनी, एकेक मणी ओवते. लागणारा गॅलॅक्टोज शरीर स्वतःच ग्लुकोजपासून तयार करतं. त्यामुळे लाडू सोडून मणी सुधारत नाही आणि लाडू खाऊन बिघडत नाही. दुधात गॅलॅक्टोज असतो म्हणून लोटाभर दूध पिऊनही काही होणार नाही. अळिवात लोह असतं, तुझ्या अंगातून रक्त गेलेलं आहे, रात्री-बेरात्री उठून तू मुलीला पाजतेस. लाडू खा. फक्त गरोदरपणात साखर वाढलेली असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांग, कारण स्टेरॉइड सुरू झालं तर रक्तातली साखर वर जाऊ शकते. तेव्हा मात्र लाडवांची संख्या ठरवावी लागेल.

दूध तोडू नकोस. ही सर्वांत मोठी भीती घेऊन बायका माझ्याकडे येतात आणि पुष्कळ जणी या भीतीपोटी औषधच घेत नाहीत, ते मला फार लागतं. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन अंगावर पाजताना चालते. गरोदरपणातही चालते, म्हणून पाचव्या महिन्यात ती सोडायची गरज नव्हती. तुला रागावत नाही, बरं वाटल्यावर गोळी सोडावीशी वाटणं साहजिक आहे. मुलगी पूर्ण दिवसांची आणि तब्येतीनं ठीक असेल तर सल्फासॅलझीनही चालते. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड कमी मात्रेत चालतं. रोजची मात्रा 20 मिलिग्रॅमच्या वर गेली तर गोळी घेतल्यावर चार तास दूध पाजायचं नाही, एवढं पथ्य. दुखण्यासाठी आयबुप्रोफेन चालते, मात्र पोट आणि मूत्रपिंडं ठीक आहेत ना ते बघून. एवढ्यानं भागलं नाही तर टीएनएफ हे दाह वाढवणारं प्रथिन रोखणारी इंजेक्शनं आहेत. या इंजेक्शनांतले रेणू इतके मोठे असतात की दुधात जेमतेम उतरतात आणि जे उतरतात ते बाळाच्या पोटात पचून जातात. नको ती मेथोट्रेक्सेट आणि लेफ्लुनोमाइड. यातलं तुझ्यासाठी कोणतं, किती, हे तुझे डॉक्टर हात बघून ठरवतील. मी नावं एवढ्यासाठी दिली की ‘पाजतेय म्हणून काहीच घेता येत नाही’ असं तुला कुणी सांगितलं तर तू तिथे थांबून प्रश्न विचारावास.

लेबल नसलेल्या पुड्या मात्र कुणीही आणून दिल्या तरी घेऊ नकोस. ‘एका पुडीत सांधे मोकळे’ झाले तर तिच्यात स्टेरॉइड मिसळलेलं असण्याची शंका घ्यायची, आणि किती आहे ते कुणालाच ठाऊक नसतं.

डॉक्टरांकडे जाताना सकाळी उठल्यावर आखडलेपणा किती वेळ राहतो ते घड्याळ लावून तीन दिवस लिहून ने. पाऊण तास, दीड तास, जे असेल ते. सुजलेल्या बोटांचे सकाळचे फोटो काढ, कारण घणसोलीला जायचं असो की लोकलनं ठाण्याला, दुपारपर्यंत सूज उतरते आणि डॉक्टरांना हात बरा दिसतो. रक्ताच्या तपासण्यांत सीआरपी हा दाहाचा आकडा बघायला सांग. ईएसआर हा दाहाचा दुसरा आकडा गरोदरपणात एरवीही वाढलेला असतो, तेव्हाच्या आकड्याशी आताचा ताडून पाहू नकोस. फक्त अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखत असेल तर ते बाळ उचलून उचलून सुजलेल्या स्नायुबंधाचंही असू शकतं. त्याचा उपाय निराळा. डॉक्टर हात लावून दोन्ही वेगळं करतील. थायरॉइडही बघून घ्यावा, बाळंतपणानंतर तो बिघडतो आणि अंग दुखण्यात भर घालतो.

मुलीची काळजी करतेस, तर ऐक. आयजीजी जातीचे प्रतिपिंड वारेतून बाळाकडे जातात, शेवटच्या तिमाहीत सर्वांत जास्त. ती निसर्गाची सोयच आहे, पहिले काही महिने तुझं संरक्षण तिच्या अंगात असतं. त्यांत तुझे अँटी-सीसीपीही थोडे गेले असतील. पण ते तिचे नव्हेत, उसने आहेत आणि काही महिन्यांत संपतात. त्यानं तिला संधिवात होत नाही. आरए फॅक्टर बहुतेक करून आयजीएम जातीचा असतो, तो वार ओलांडतच नाही. आईला हा आजार असला की मुलांमध्ये शक्यता इतरांपेक्षा थोडी वाढते हे खरं, पण बहुसंख्य मुलांना तो कधीच होत नाही. लसी वेळेवर दे.

घरातल्यांनी करायच्या गोष्टींबद्दल थोडं. झबल्याच्या नाड्यांऐवजी टिचबटणांचे कपडे घ्या, नाडीची गाठ सुजलेल्या बोटांना मारते. मुलीला बोटांनी बगलेत धरून उचलण्याऐवजी दोन्ही हातांचे कोपरापर्यंतचे भाग तिच्या खाली घालून, छातीशी घेऊन उचल. पाजताना मांडीवर जाड उशी ठेव म्हणजे मनगटावर तिचा भार येणार नाही. मालिशवाल्या मावशी येत असतील तर पाठ, पाय, कंबर करू देत, पण सुजलेले सांधे चोळायचे नाहीत हे त्यांना तुझ्या नवऱ्यानं सांगावं, तुला संकोच वाटेल. शेक हलका. बंद खोलीत कोळशाची शेगडी नको, तिचा धूर आणि वायू तुला आणि मुलीला दोघींना धोक्याचा आहे. रात्रीची एक वेळ काढून ठेवलेलं दूध नवऱ्यानं पाजावं आणि तू सलग चार-पाच तास झोपावंस. ही चैन नाही, हा उपचाराचा भाग आहे. आणि दुखण्यानं रडू येणं वेगळं, पण दिवसचे दिवस कशातच मन लागत नसेल, मुलीकडे बघूनही काही वाटत नसेल, तर तेही त्याच भेटीत डॉक्टरांना सांग.

सासूबाईंना एकदा भेटीला बरोबर घेऊन जा. डॉक्टरांच्या तोंडून ‘पाण्यानं झालेलं नाही’ हे ऐकलं की घरातलं निम्मं ओझं उतरतं. माझ्याकडे आलेल्या किती तरी सासूबाई त्या दिवसापासून गोळीची वेळ स्वतः सांभाळू लागल्या आहेत.

राहिला आत्येसासूबाईंचा सल्ला. दुसरं मूल हवं असेल तर अवश्य होऊ दे, पण सांध्यांसाठी नको. पुढच्या वेळी उतार पडेलच असं नाही, आणि पडला तरी तो बाळंतपणानंतर असाच उलटू शकतो, तेव्हा मांडीवर एक आणि पायाशी एक असेल. आता आजार पूर्ण आटोक्यात येऊ दे आणि तो काही महिने तसा राहू दे. दुसऱ्या वेळेचा विचार मनात आला की आधी संधिवाततज्ज्ञांकडे जा, म्हणजे मेथोट्रेक्सेट चालू असेल तर ती वेळेत थांबवून दिवस गेल्यावरही चालणारी औषधं लावता येतील. आणि त्या खेपेला सातव्या महिन्यातच संधिवाताच्या आणि बाळंतपणाच्या दोन्ही डॉक्टरांकडून फाइलवर लिहून घे, की बाळंतपणानंतर कोणती गोळी कोणत्या दिवसापासून सुरू करायची आणि चौथ्या आठवड्याला तपासणीची तारीख कोणती.